इन्फ्लुएंझा आणि त्याची लस: नागपुरातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि आसपासच्या दवाखान्यांत, रुग्णालयांत, लॅबमध्ये, ॲम्ब्युलन्सवर काम करणाऱ्या सगळ्यांसाठी हे पान आहे. लसीकरणाच्या टेबलाशी आणि ड्युटीरूममध्ये जे प्रश्न ऐकू येतात, तेच इथे घेतले आहेत. ज्या ठिकाणी गैरसमज जास्त, तिथली उत्तरं लांबली आहेत.

ही लस फक्त डॉक्टर आणि सिस्टरनी घ्यायची का?

नाही. सगळ्यांत आधी हाच गैरसमज दूर व्हायला हवा. रुग्णालयात लसीची यादी तयार होते तेव्हा ती बहुधा डॉक्टरांपासून सुरू होते, निवासी डॉक्टर आणि नर्सिंग स्टाफपर्यंत येते आणि तिथेच थांबते. पण ताप-खोकल्याचा रुग्ण रुग्णालयात पाऊल टाकतो तेव्हा त्याला पहिल्यांदा कोण भेटतं? गेटवरचा सुरक्षारक्षक, केसपेपरच्या खिडकीवर बसलेली मुलगी, स्ट्रेचर ओढणारा वॉर्डबॉय. वॉर्डात त्याची थुंकी पडलेली फरशी सफाई कामगार पुसतो, चादर मावशी बदलतात, जेवणाचं ताट किचनचा मुलगा नेऊन ठेवतो. यातले बरेच जण कंत्राटी असतात आणि आस्थापनेच्या यादीत त्यांचं नावच नसतं.

विषाणू नेमणूकपत्र पाहत नाही. रुग्णापासून हातभर अंतरावर ज्याला जावं लागतं, त्या प्रत्येकाला ही लस मिळायला हवी. आशाताई, एएनएम, १०८ चे चालक, एक्स-रे तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, औषधाच्या खिडकीवरचे फार्मासिस्ट, नर्सिंग आणि वैद्यकीय विद्यार्थी हे सगळे त्यात आले. तुम्ही यादी करणारे असाल तर शेवटच्या नावापासून सुरुवात करा. वरच्या नावांना लस कुठे मिळते हे माहीतच असतं.

फ्लू म्हणजे सर्दी-पडसंच ना? त्यासाठी सुई कशाला?

सर्दी हळूहळू चढते. आधी नाक वाहतं, मग घसा धरतो, माणूस कुरकुरत का होईना कामावर जातो. इन्फ्लुएंझा अचानक धरतो. सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळी १०२-१०३ डिग्री तापाने अंथरुणात असतो, अंग ठेचल्यासारखं दुखतं, कोरडा खोकला छाती सोडत नाही. बहुतेक निरोगी लोक आठवड्याभरात सावरतात, पण थकवा आणखी आठवडा-दोन आठवडे मुक्काम ठोकतो.

खरी काळजी गुंतागुंतीची असते: विषाणूचा थेट न्यूमोनिया, त्यावर चढणारा जिवाणूंचा न्यूमोनिया, हृदयविकाराचा झटका, मधुमेह आणि दम्याचं बिघडणं. ती जास्त कुणाला होते? वयस्कर माणसं, पाच वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया, किडनी, हृदय, फुप्फुसाचे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले लोक, म्हणजे आपल्या वॉर्डांत जे भरती असतात नेमके तेच.

मला वर्षानुवर्षं फ्लू झालेला नाही. मग मी का घेऊ?

तुम्हाला झाला आणि कळला नाही, ही शक्यता बरीच आहे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या रुग्णालयांत १९९३-९४ च्या हिवाळ्यात कर्मचाऱ्यांचं रक्त हंगामाआधी आणि हंगामानंतर तपासलं गेलं. सुमारे २३ टक्के जणांच्या रक्तात त्या हंगामातल्या संसर्गाच्या खुणा सापडल्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना आपल्याला फ्लू झाल्याचं आठवत नव्हतं आणि चौथ्या हिश्शाहून जास्त जणांना श्वसनाचा कुठलाच आजार आठवत नव्हता. हे लोक ड्युटी करतच राहिले असणार.

त्यात विषाणू बाहेर पडायला सुरुवात लक्षणांच्या साधारण एक दिवस आधी होते आणि पुढे पाच-सात दिवस चालते. लहान मुलांत आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत त्याहून जास्त. म्हणजे 'ताप आला की सुटी घेईन' हा नियम चांगला असला तरी तो पहिला दिवस त्यातून निसटतोच.

माझ्या लसीने माझ्या रुग्णाला फायदा होतो, याला पुरावा आहे का?

ब्रिटनमधल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहांत काही चाचण्या झाल्या. जिथे कर्मचाऱ्यांना लस दिली गेली, तिथे राहणाऱ्या वृद्धांचे मृत्यू कमी आढळले. पुढे कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्याने या पुराव्याचा दर्जा कमजोर ठरवला, हेही सांगायला हवं. मोठ्या रुग्णालयांत असं मोजमाप करणं अवघडच आहे, कारण रुग्ण दोन-चार दिवसांत बदलतात आणि नातेवाइकांची ये-जा चालूच असते.

तरीही माझं मत स्पष्ट आहे. लस घेतल्याने तुमचा स्वतःचा संसर्गाचा धोका घटतो हे पक्कं आहे, आणि ज्याला संसर्गच झाला नाही तो पुढे देत नाही. नवजात शिशु विभागात किंवा केमोथेरपीच्या वॉर्डात काम करणाऱ्याने याहून भक्कम पुराव्याची वाट पाहत बसू नये. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्य कर्मचाऱ्यांना इन्फ्लुएंझा लसीच्या प्राधान्य गटात ठेवलं आहे. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही त्यांचं नाव आहे.

ए, बी, एच१एन१, एच३एन२ ही भानगड नेमकी काय?

माणसाला हंगामी साथीत छळतात ते ए आणि बी हे दोन प्रकार. सी प्रकार सौम्य आजार देतो, डी मुख्यतः गुराढोरांत सापडतो. ए आणि बी विषाणूंचा जनुकसंच आरएनएच्या आठ सुट्या तुकड्यांत विभागलेला असतो. या तुकड्यांमुळेच पुढची सगळी गुंतागुंत होते.

विषाणूच्या पृष्ठभागावर दोन महत्त्वाची प्रथिनं असतात. हिमॅग्लुटिनिन, म्हणजे 'एच', आपल्या श्वसनमार्गातल्या पेशींवरच्या सायॅलिक आम्लाला चिकटतं आणि विषाणूला आत घेऊन जातं. न्यूरामिनिडेझ, म्हणजे 'एन', नव्याने तयार झालेल्या विषाणूंना पेशीपासून सोडवतं. फ्लूवरचं औषध ओसेल्टामिविर याच एनला अडवतं. लसीने तयार होणारी प्रतिपिंडं मुख्यतः एचच्या डोक्याला धरतात, म्हणून तिथे थोडा जरी बदल झाला तरी जुनी प्रतिपिंडं तोकडी पडतात.

सध्या माणसांत फिरणारे हंगामी विषाणू तीन: २००९ पासून चालत आलेला एच१एन१, १९६८ पासूनचा एच३एन२ आणि बी विषाणूचा व्हिक्टोरिया वंश. बीचा यामागाटा नावाचा दुसरा वंश मार्च २०२० नंतर खात्रीने कुठेच आढळलेला नाही.

स्वाइन फ्लू अजून आहे का?

आहे. स्वाइन फ्लू म्हणजे वर सांगितलेला २००९ चा एच१एन१, पण आता तो हंगामी फ्लूचाच भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी महासाथ जाहीर केली आणि ऑगस्ट २०१० मध्ये ती संपल्याचं सांगितलं. भारतातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला. नागपूरकरांना जास्त आठवते ती २०१५ ची लाट. त्या वर्षी देशभरात ४२ हजारांहून अधिक रुग्ण आणि जवळपास ३ हजार मृत्यू नोंदले गेले, आणि विदर्भाला त्याची चांगलीच झळ बसली. आज कुणाचा अहवाल 'एच१एन१ पॉझिटिव्ह' आला की वॉर्डात घबराट उडते आणि 'एच३एन२' आला की लोक निर्धास्त होतात. दोन्ही चुकीचं आहे. वृद्धांना एच३एन२ अनेकदा जास्त त्रास देतो.

दरवर्षी लस का? गोवरासारखी एकदाच का नाही?

दोन कारणं आहेत. एक तर विषाणू बदलत राहतो. आरएनएची नक्कल करताना त्याच्याकडून चुका होतात आणि त्या दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नसते. छोटे छोटे बदल साचत जातात आणि दोन-तीन वर्षांत एचचा चेहरा इतका बदलतो की जुनी ओळख कामाला येत नाही. दुसरं, लसीने आलेली प्रतिपिंडं काही महिन्यांतच ओसरू लागतात. त्यामुळे लसीतले विषाणू मागच्या वर्षीचेच असले, तरी डोस पुन्हा घ्यावाच लागतो.

मोठी उलथापालथ वेगळ्या वाटेने होते. एकाच पेशीत दोन वेगवेगळे ए विषाणू शिरले तर त्यांचे आठ-आठ तुकडे पत्त्यांसारखे पिसले जाऊन अगदी नवा विषाणू बाहेर येऊ शकतो. १९५७ आणि १९६८ च्या महासाथी अशाच आल्या. २००९ च्या विषाणूत डुक्कर, पक्षी आणि माणूस या तिघांच्या विषाणूंचे तुकडे होते. १९१८ च्या साथीत भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली, आणि नागपूर ज्याची राजधानी होती तो मध्य प्रांत व वऱ्हाड देशात सर्वांत जास्त होरपळलेल्या प्रदेशांपैकी एक होता.

नागपुरात लस घेण्याची योग्य वेळ कोणती?

मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस लागायच्या आधी.

इंटरनेटवर 'सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घ्या' असं सगळीकडे वाचायला मिळतं. तो सल्ला युरोप-अमेरिकेतल्या हिवाळ्यासाठी आहे. भारतात फ्लूच्या दोन लाटा येतात: एक जानेवारी ते मार्च, दुसरी पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटाला. श्रीनगरसारख्या ठिकाणी हिवाळ्याचं पारडं जड असतं, पण देशाच्या बहुतेक भागात पावसाळी लाटच मोठी ठरते. आपल्याकडे मान्सून साधारण जूनच्या मध्यात येतो आणि ऑगस्टपासून ओपीडीत खोकला वाढू लागतो. डोस घेतल्यावर पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला दोन आठवडे लागतात. हिशोब करा म्हणजे मेअखेरचं महत्त्व लक्षात येईल.

नागपूरचं वर्षाचं गणितही तेच सांगतं. तान्हा पोळ्याला शहर रस्त्यावर उतरतं आणि रोगराई घेऊन जाण्यासाठी मारबतीला साकडं घातलं जातं, ते नेमके याच लाटेचे दिवस. त्यामागोमाग गणपती, मग धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी. तिथल्या वैद्यकीय शिबिरांत ड्युटी लागणाऱ्यांनी निदान ऑगस्टच्या आधी तरी लस घेतलेली असावी.

मे-जून हुकलं तर? मिळेल तेव्हा घ्या. सप्टेंबरमध्ये घेतलेली लसही जानेवारी-मार्चच्या लाटेला उपयोगी पडते. मोठ्या माणसाला वर्षाकाठी एकच डोस पुरतो. दोन लाटांसाठी दोन डोस घ्यायची नेहमीची शिफारस नाही.

खोक्यावर 'दक्षिण गोलार्ध' लिहिलंय. आपण तर उत्तर गोलार्धात आहोत, मग ही लस चालेल का?

चालेल. मेमध्ये तर बऱ्याचदा तीच जास्त योग्य असते. लसीत कोणते विषाणू घालायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते: फेब्रुवारीत येत्या उत्तरेच्या हिवाळ्यासाठी आणि सप्टेंबरमध्ये पुढच्या वर्षीच्या दक्षिणेच्या हिवाळ्यासाठी. सप्टेंबरच्या शिफारशीवरून बनलेली लस पुढच्या वर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास बाजारात येते, म्हणजे आपल्या पावसाळ्याआधी ताजी मिळते ती हीच. त्या वेळी शेल्फवर उरलेली उत्तर गोलार्धाची लस मागच्या हंगामाची असते आणि तिची मुदतही संपत आलेली असते.

खोक्यावर वर्ष, गोलार्ध आणि मुदत या तिन्ही गोष्टी वाचा. विषाणूंची नावंही वाचता येतात. बी/ऑस्ट्रिया/१३५९४१७/२०२१ याचा अर्थ बी प्रकार, ऑस्ट्रियात सापडलेला, तिथल्या प्रयोगशाळेतला अमुक क्रमांकाचा नमुना, साल २०२१. ज्याला लस टोचायची आहे त्याने हे वाचता येण्याइतकं तरी शिकून घ्यावं.

आधी चार विषाणूंची लस मिळायची, आता तीनचीच. कंपनीने काटछाट केली का?

काटछाट केलेली नाही. चौथा घटक यामागाटा वंशाचा होता. जो विषाणू फिरतच नाही, त्याच्याविरुद्ध लस देण्यात अर्थ नाही, म्हणून सप्टेंबर २०२३ पासून जागतिक आरोग्य संघटना तो घटक वगळायला सांगते आहे. हातात चार घटकांची लस आली तरी ती वाया गेलेली समजू नका, तिच्यातले तीन घटक कामाचेच आहेत. स्वस्त-महागचा प्रश्न असेल तर तीन घटकांची लस निश्चिंतपणे घ्या.

लसी किती प्रकारच्या असतात? नाकात मारायची बरी की सुई बरी?

आपल्याकडे सर्वाधिक वापरात आहे ती निष्क्रिय लस. अंड्यात वाढवलेला विषाणू मारून, त्याचे तुकडे करून ती बनते. दंडाच्या डेल्टॉइड स्नायूत ०.५ मिलि, आणि त्यात प्रत्येक विषाणूचं १५ मायक्रोग्रॅम हिमॅग्लुटिनिन. परदेशात पेशीसंवर्धनातून किंवा जनुकतंत्राने बनवलेल्या लसीही मिळतात, आणि ६५ वर्षांवरच्यांसाठी ६० मायक्रोग्रॅमची तीव्र मात्राही असते.

नाकातून फवारायची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही अशी लस बनवली आहे. ती साधारण २ ते ४९ वर्षांच्या निरोगी लोकांसाठी आहे. गरोदर स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना ती देत नाहीत. बोनमॅरो प्रत्यारोपणासारख्या अतिसुरक्षित कक्षात काम करणाऱ्याने ती घेतली, तर सात दिवस त्या रुग्णांपासून लांब राहायला हवं. रोस्टर आधीच ताणलेलं असतं. कर्मचाऱ्यांसाठी सुईवालीच सोयीची.

लस किती टक्के काम करते?

विषाणूंशी जुळणी चांगली असलेल्या वर्षी डॉक्टरांकडे जायला लावणाऱ्या फ्लूचा धोका ती साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. जुळणी फसली तर त्याहून कमी. गोवराच्या लसीची सवय झालेल्याला हा आकडा लहान वाटतो. पण फ्लू होऊनही आयसीयूपर्यंत पोहोचण्यापासून वाचवणं हे तिचं मोठं काम आहे आणि ते या आकड्यात दिसत नाही.

एच३एन२ विरुद्ध लस बहुतेकदा थोडी कमी पडते. याचं एक कारण थेट अंड्यात आहे: अंड्यात वाढताना हा विषाणू तिथल्या पेशींशी जुळवून घेतो, त्याच्या एचमध्ये बदल होतो, आणि मग लसीतला विषाणू बाहेर फिरणाऱ्या विषाणूपेक्षा किंचित वेगळा निघतो.

दरवर्षी घेतल्याने उलट परिणाम कमी होतो, असं एका सिनिअरनी सांगितलं. खरं का?

त्यात अर्धं तथ्य आहे. काही हंगामांत, विशेषतः एच३एन२ बाबतीत, लागोपाठ दोन वर्षं लस घेतलेल्यांचं संरक्षण फक्त त्याच वर्षी घेतलेल्यांपेक्षा थोडं कमी आढळलं. पण दोन्ही वर्षं न घेतलेल्यांपेक्षा ते जास्तच होतं. आणि या वर्षी कोणता विषाणू जोर धरणार हे मेमध्ये कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे 'एक वर्ष सोडून घेतो' हा जुगार रुग्णांच्या जिवावर खेळला जातो.

लस घेतली आणि तिसऱ्या दिवशी ताप आला. लसीनेच फ्लू झाला ना?

निष्क्रिय लसीत जिवंत विषाणू नसतोच, त्यामुळे तिने फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखणं, अंग कसकसणं, बारीक ताप हे एक-दोन दिवस होऊ शकतं, पॅरासिटामॉलने भागतं. खोकला-सर्दीसकट जोराचा ताप आला तर शक्यता तीन: लसीचं संरक्षण तयार होण्याआधीच फ्लू गाठला, दुसराच विषाणू आहे, किंवा लस असूनही फ्लू झाला. आरएसव्ही, ॲडिनो, ऱ्हायनो, कोविड ही सगळी मंडळी याच मोसमात फिरत असतात.

अंड्याची ॲलर्जी आहे. गिलियन-बारे सिंड्रोमचीही भीती वाटते.

अंडं खाल्ल्यावर पित्त उठणाऱ्यांना पूर्वी ही लस टाळायला सांगत. लसीतलं अंड्याचं प्रथिन नगण्य असतं आणि अनुभवावरून आता अमेरिकेच्या लसीकरण समितीने अंड्याच्या ॲलर्जीसाठी वेगळी खबरदारीही काढून टाकली आहे. तुमच्या हातातल्या लसीच्या माहितीपत्रकात वेगळी सूचना असेल तर ती मात्र पाहा. आधीच्या फ्लू लसीनेच तीव्र ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी, झाला असेल, तर पुन्हा देऊ नये. कुणालाही लस दिली तरी अर्धा तास बसवून ठेवायचं आणि ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवायचं, हा नियम आपल्याच सहकाऱ्यांना टोचताना सर्वांत जास्त मोडला जातो. 'सिस्टर, वॉर्डात काम आहे' म्हणत लोक लगेच उठतात. उठू देऊ नका.

गिलियन-बारे म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटून हातपाय लुळे पडण्याचा आजार. त्याची भीती १९७६ मधल्या अमेरिकेतल्या स्वाइन फ्लू लसीपासून आली. तेव्हा दर एक लाख डोसमागे साधारण एक जादा रुग्ण आढळला होता. आजच्या हंगामी लसींबाबत, जिथे धोका आढळला, तिथे तो दर दहा लाखांमागे एक-दोन इतकाच आहे, आणि खुद्द फ्लूच्या संसर्गानेही हा आजार होऊ शकतो. आधीच्या फ्लू लसीनंतर सहा आठवड्यांच्या आत ज्यांना गिलियन-बारे झाला, त्यांनी मात्र न्यूरॉलॉजिस्टशी बोलूनच ठरवावं.

मी गरोदर आहे आणि ड्युटी मेडिसिन वॉर्डात आहे.

ताई, मग तुम्ही सगळ्यांच्या आधी घ्या. निष्क्रिय लस गरोदरपणात कुठल्याही महिन्यात देता येते. २००९ च्या महासाथीत गरोदर स्त्रियांना फार गंभीर आजार झाला होता. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात, आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नसल्याने त्याच्यासाठी हाच एक मार्ग उरतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ च्या लाटेनंतर जोखमीच्या गटांना मोफत लस द्यायला सुरुवात केली, त्यातही गरोदर माता होत्या. अंगावर पाजणाऱ्या आईलाही लस चालते.

मेच्या उन्हात लस सांभाळायची कशी?

हा प्रश्न नागपूरचाच. बाहेर पारा ४५ च्या घरात, मधेच वीज गेलेली आणि लस मात्र २ ते ८ डिग्रीत हवी. घरगुती फ्रिजच्या दारात लस ठेवू नका, तिथे दर उघडझाकीला तापमान उडतं. आइसलाइन्ड रेफ्रिजरेटर नसेल तर फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, आत थर्मामीटर ठेवा आणि दिवसातून दोनदा नोंद करा. शिबिरासाठी नेताना व्हॅक्सिन कॅरिअरमधले आइसपॅक आधी बाहेर ठेवून त्यांना घाम फुटू द्या, आत पाण्याचा आवाज यायला लागला की मगच भरा.

उन्हाच्या धास्तीने लोक लस बर्फाला चिकटवून ठेवतात आणि गोठवून बसतात. गोठलेली लस टाकूनच द्यायची. इथे एक फसगत होते: पेंटाव्हॅलंट किंवा टीडी लसीसाठी शिकलेली शेक टेस्ट, म्हणजे कुपी हलवून लस गोठली होती का हे पाहणं, इथे लावली जाते. ती चाचणी ॲल्युमिनियमयुक्त लसींसाठी आहे. फ्लूच्या बहुतेक लसींत ॲल्युमिनियम नसतं, त्यामुळे कुपी हलवून काहीच कळत नाही. तापमानाची नोंद हाच एकमेव साक्षीदार.

ऑगस्टमध्ये प्रत्येक ताप सारखाच दिसतो. फ्लूचा विचार कधी करायचा आणि कुणाची तपासणी करायची?

विदर्भात त्या काळात डेंग्यू, मलेरिया, स्क्रब टायफस सगळेच हजर असतात. खोकला आणि घसादुखी तापासोबतच सुरू झाली तर फ्लूकडे झुका. डोळ्यांमागे दुखणं, पुरळ, घसरणाऱ्या प्लेटलेट असतील तर डेंग्यूकडे. शेतात राबणाऱ्या माणसाच्या काखेत, जांघेत काळी खपली शोधा, ती स्क्रब टायफसची खूण. निदान पक्कं होईपर्यंत ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नको.

केंद्राच्या सूचनांनुसार रुग्णांचे तीन गट पडतात. सौम्य ताप-खोकला म्हणजे ए गट: तपासणी नको, ओसेल्टामिविर नको, दोन दिवसांनी पुन्हा पाहायचं. जास्त ताप आणि घशाचा तीव्र त्रास, किंवा जोखमीचा रुग्ण, म्हणजे बी गट: तपासणीसाठी न थांबता ओसेल्टामिविर सुरू करता येतं. धाप, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब घसरणं, थुंकीत रक्त, नखं निळी पडणं म्हणजे सी गट: भरती, घशा-नाकाचा स्वॅब आरटी-पीसीआरला आणि अहवालाची वाट न पाहता औषध. मोठ्यांना ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. किडनी कमजोर असेल तर मात्रा कमी. पहिल्या ४८ तासांत दिलं तर फायदा सर्वाधिक, पण भरती असलेल्या गंभीर रुग्णाला उशिरा का होईना द्यावंच. रॅपिड अँटिजेन निगेटिव्ह आली म्हणून फ्लू नाही असं धरू नका, तिच्यातून बरेच रुग्ण निसटतात.

छिंदवाडा, बालाघाट, गोंदिया, गडचिरोलीहून रेफर होऊन नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात पोहोचणाऱ्या रुग्णाचे पहिले ४८ तास बहुधा वाटेतच गेलेले असतात. म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी बी गटातल्या जोखमीच्या रुग्णाला पहिला डोस तिथेच द्यावा, नागपूरवर सोडू नये.

मला ताप आहे, पण स्टाफ कमी आहे. मास्क लावून ड्युटी करू का?

नको. पॅरासिटामॉल न घेता ताप उतरून २४ तास झाले की या, त्यानंतरही खोकला असेतो मास्क लावा. नवजात शिशु विभाग किंवा कर्करोगाच्या वॉर्डात असाल तर काही दिवस दुसरीकडे बदली मागा. इन्चार्ज सिस्टरना आणि प्रशासनाला विनंती आहे की तापाच्या सुटीसाठी कुणाला अपराधी वाटायला लावू नका. रोजंदारीवरच्या सफाई कामगाराचा त्या दिवसाचा पगार कापला जाणार असेल, तर तो ताप लपवून येणारच. ती सुटी भरपगारी असायला हवी.

लस घेतली, मग मास्कची गरज संपली?

नाही. खोकणाऱ्या रुग्णाजवळ सर्जिकल मास्क. इंट्युबेशन, सक्शन, ब्रॉन्कोस्कोपी करताना एन-९५. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, त्यामुळे अल्कोहोलचा हँडरब आणि साबण दोन्ही त्याला पुरून उरतात. कडक पृष्ठभागावर तो २४ ते ४८ तास तग धरतो. पलंगाची कठडी, सलाइनचा स्टँड, केसपेपरच्या खिडकीची कड या जागा पुसायच्या राहून जातात.

गोरेवाड्यात वाघ बर्ड फ्लूने गेले. या लसीने त्यापासून संरक्षण मिळतं का?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाड्यातल्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने त्यांच्या नमुन्यांत एच५एन१ असल्याचं सांगितलं. त्यानंतर हा प्रश्न सारखा येतो. हंगामी लस एच५एन१ पासून वाचवत नाही. तरीही पशुवैद्यक, प्राणिसंग्रहालयाचे कर्मचारी आणि कोंबडीपालन केंद्रांवर काम करणाऱ्यांनी ती घ्यावी, कारण एकाच माणसाला हंगामी फ्लू आणि बर्ड फ्लू एकदम झाला तर वर सांगितलेली तुकड्यांची अदलाबदल त्याच्याच शरीरात होऊ शकते.

राज्यात हा विषाणू नवा नाही. देशातला कोंबड्यांमधला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरलाच झाला होता. तीव्र न्यूमोनियाच्या रुग्णाला 'कोंबड्या, मेलेले पक्षी किंवा आजारी जनावर यांच्याशी संबंध आला का' हे विचारायची सवय लावून घ्या. उत्तर 'हो' आलं तर रुग्णाला वेगळं ठेवा, एन-९५ घाला, ओसेल्टामिविर लगेच सुरू करा आणि त्याच दिवशी जिल्हा किंवा महापालिकेच्या साथरोग विभागाला कळवा.

हिपॅटायटिस बी किंवा कोविडच्या डोससोबत घेता येते का? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर?

दोन्हींसोबत घेता येते, फक्त सुई वेगळ्या जागी टोचायची. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर बारीक सुई वापरा, टोचल्यावर न चोळता दोन मिनिटं दाबून धरा. ओसेल्टामिविर चालू असतानाही निष्क्रिय लस चालते, नाकातली नाही. साधी सर्दी असेल तर लस पुढे ढकलायची गरज नाही. जोराचा ताप असेल तर उतरेपर्यंत थांबा.

लस मोफत मिळते का?

इन्फ्लुएंझाची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही, त्यामुळे पोलिओ-गोवरासारखी ती प्रत्येक केंद्रावर कायम नसते. शासकीय संस्थांना राज्याकडून साठा येतो तो मर्यादित असतो, म्हणून एप्रिलमध्येच आपल्या संस्थेच्या संसर्ग नियंत्रण समितीकडे किंवा आरोग्य अधिकाऱ्यांकडे मागणी नोंदवा. खाजगी रुग्णालयांनी हा खर्च स्वतः उचलावा असं माझं ठाम मत आहे. लहान दवाखाने चार-पाच जण मिळून एकत्र खरेदी करू शकतात. टोचायला रात्रपाळी संपायची वेळ, म्हणजे सकाळी साडेसात-आठ, ठरवा आणि कॅरिअर घेऊन वॉर्डावॉर्डात फिरा. अर्धा तास बसवायचं तेवढ्यात चहाही देता येतो. कंत्राटदाराच्या माणसांची नावं त्यांच्या मुकादमाकडून आदल्या दिवशी लिहून घ्या, कारण त्यांना निरोप नोटीस बोर्डावरून पोहोचत नाही.